हिरवेमास्तरांनी माईक जोडला

हिरवेमास्तर विजेचं नाव घेत नसत. अंधार पडल्यावर सापाला ‘जनावर’ म्हणणारी माणसं असतात ना, तसे हे भर दिवसा विजेला ‘ती’ म्हणत. “ती आली का?” “ती गेली वाटतं.” “भैया, तिच्या वाटेत नका उभे राहू.” नवख्या माणसाला वाटायचं, यांच्या घरी सासूबाई मुक्कामाला आलेल्या आहेत.

उज्जैनला नानाखेड्याच्या आमच्या कॉलनीत पहिल्या मजल्यावर त्यांचं दार आणि माझं दार समोरासमोर. त्यामुळे मास्तरांची भीती मी जितकी जवळून पाहिली तितकी त्यांच्या बायकोने, सुमतीवहिनींनीही पाहिली नसेल. त्या बिचाऱ्या त्यांना धीर देण्यात गुंतलेल्या असत, मला बघण्यापलीकडे काही काम नसे.

दिवा लावणं हे त्यांच्याकडे अनुष्ठान होतं. आधी रबरी चपला. मग लाकडी पाट. पाटावर चपलांसकट उभं राहायचं, डावा हात पाठीमागे घ्यायचा, आणि उजव्या हातातल्या लाटण्याने बटण दाबायचं. लाटणं तेच, पोळ्यांचं. त्यामुळे हिरव्यांच्या घरातली सगळी बटणं कणकेने माखलेली असत आणि एकदा तर स्वयंपाकघरातल्या बटणावर मुंग्यांनी वारूळ केलं होतं, असं मी लोकांना सांगतो. अगदी वारूळ नसेल, पण मुंग्या होत्या. नाइलाजाने हातच लावावा लागला तर तो उलटा. “उलट्या हाताला झटका बसला तर हात मागे येतो, भैया. सुलट्या हाताची मूठ वळते. मग ती सोडत नाही.” ही सवय इतकी मुरली की शाळेत एखाद्या पोराने सूर बरोबर लावला तर त्याच्या पाठीवर शाबासकीही उलट्या हाताची पडे. एसटीडी बूथवर ते टॉवेल घेऊन जात, रिसीव्हर त्यात गुंडाळत आणि कानापासून वीतभर लांब धरून इतक्या जोराने बोलत की इंदूरला फोन लावायची खरं तर गरज नव्हती.

या सगळ्याच्या मुळाशी एक गवई होता. मास्तरांच्या तरुणपणी इथल्याच देवास गेटजवळ गणपतीच्या मंडपात पाऊस गळत होता आणि गाता गाता तो माईकला चिकटला. ही गोष्ट मी निदान शंभरदा ऐकली आणि दर खेपेला गवई थोडा अधिक भाजलेला असे. सुरुवातीला नुसते ओठ पोळले होते. पुढे भुवया गेल्या. एका दिवाळीत मिशा पेटल्या. मी विचारलं, मास्तर, त्यांना मिशा होत्या? तर म्हणाले, त्यानंतर नव्हत्या. पण एक वाक्य कधी बदललं नाही, आणि ते बोलताना मास्तर माझ्याकडे बघत नसत. “तो ओरडत होता भैया, आणि आम्ही खाली बसून वा वा म्हणत होतो.”

आता अशा माणसाच्या घरी इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड यावा, याला काय म्हणायचं?

देशाची दारंखिडक्या उघडायला लागली होती, त्या वर्षांतली ही गोष्ट. गच्चीगच्चीवर टीव्हीच्या छत्र्या उगवत होत्या, आणि प्रत्येक घरातलं कुणी ना कुणी परदेशात जाऊन येत होतं. वहिनींचा भाऊ अमेरिकेहून आला तो माणसाच्या उंचीचं खोकं घेऊन. त्यात पेटी होती, बासरी होती, व्हायोलिन होतं, आणि एक बटण दाबलं तर कुत्रा भुंके. मास्तर संगीत शिक्षक, पण त्यांनी पहिला प्रश्न सुरांचा विचारला नाही. त्यांनी ते यंत्र उलटं करून सेल घालायची जागा शोधली. जागा नव्हती. “भाता नाही, सेल नाही, मग हे श्वास कुठून घेतं?” त्यांनी विचारलं, आणि उत्तर माहीत असल्यामुळे स्वतःच खाली बसले.

त्यातून यंत्र तिकडच्या विजेवर चालणारं. अमेरिकेतली ती आपल्याकडच्या तिच्या निम्म्याच ताकदीची असते, हे माहीत पडल्यावर मास्तरांना त्या देशाविषयी आयुष्यात पहिल्यांदा आदर वाटला. पण आपल्या विजेची निम्मी करायला मध्ये एक लोखंडी डबा लागला. तो पायाशी ठेवायचा आणि तो अखंड घूं घूं करायचा. मास्तर खुर्चीवर मांडी घालून, पाय वर घेऊन वाजवत. महिनाभरात मात्र हात बसला. घाबरत घाबरत का होईना, वाजवत सुंदर.

कीबोर्डच्या पाठीला एक गोल भोक होतं. त्यावर इंग्रजीत ‘माईक’ लिहिलेलं होतं. मास्तरांनी त्यावर पट्टी चिकटवायला घेतली होती, तेवढ्यात ते भोक वहिनींनी पाहिलं.

सुमतीवहिनींचा आवाज काय होता ते ज्यांनी ऐकलं त्यांनाच माहीत. गॅलरीतून त्या भाजीवाल्याला हाक मारत तेव्हा देवासला हातगाड्या वळत. कॉलनीतलं एकही डोहाळजेवण, एकही हळदीकुंकू त्यांच्या गाण्याशिवाय झालं नाही. मग गळ्यात गाठ निघाली, इंदूरला ऑपरेशन झालं, गाठ गेली आणि तिच्याबरोबर आवाजही गेला. राहिली नुसती वाफ. त्या बोलायला लागल्या की आपण पंखा बंद करायचा आणि पुढे वाकायचं. हळूहळू त्यांनी हळदीकुंकवाला जाणं सोडलं. बायका पुढे वाकून दमतात, म्हणायच्या.

आणि स्वातीचं लग्न ठरलं होतं. स्वाती म्हणजे त्यांची एकुलती एक. आमच्याकडे भटजींच्या मंगलाष्टकांवर कुणाचं भागत नाही, घरची लागतात. स्वातीची मास्तरांनी स्वतः रचली होती, आणि ती वहिनींनी म्हणायची हे स्वातीच्या बारशापासून ठरलेलं होतं. ऑपरेशननंतर त्या घरात मंगलाष्टकांचा विषय कुणी काढत नसे. त्या दिवशी वहिनींनी त्या भोकावर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, “अहो, यातून माझा आवाज जाईल?”

मास्तरांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच ते भोक पाडलं.

माईक घ्यायला आम्ही तिघं देवास गेटला गेलो. दुकानदाराने आधी टेपरेकॉर्डरचा पेनाएवढा माईक दाखवला. मास्तर खूश, लहान वस्तूत ती किती मावणार! पण कीबोर्डला तो मुकाच, त्याला स्वतःचा सेल लागतो म्हणे. मग मंडपवाल्यांचा निघाला, त्याची तीन काट्यांची पिन आमच्या भोकात जाणारी नव्हती. तिसरा काढला तो जाडजूड, जाळीच्या डोक्याचा, एकाच जाड पिनेचा.

“ये ले जाओ मास्साब,” दुकानदार म्हणाला. “डायनेमिक है. न सेल लगता, न लाइट लगती.”

मास्तरांचा चेहरा उजळला. माईक हातात घेतला, सुलट्या हातात. “लाइट बिलकुल नहीं लगती?”

“लगेगी क्यों? इसके अंदर चुंबक है, तार है. आप बोलोगे तो बिजली ये खुद बनाएगा.”

मास्तरांनी माईक काउंटरवर ठेवला आणि दुकानाबाहेर पडले. मी बाहेर डोकावलो तर ते रस्त्यापलीकडे रसवंतीच्या आडोशाला उभे. बाहेरून येणारी ती परवडली, पण आत बसून जन्माला येणारी? दुकानदार बिचारा समजावत राहिला की एवढ्याशा विजेने मुंगीसुद्धा मरणार नाही. वहिनींनी मात्र माईक उचलला. जाळीवर हळूच फुंकर घातली. मग मला जवळ बोलावलं, आणि मी वाकलो तेव्हा म्हणाल्या, “भैया, माझ्या या आवाजाने वीज होते म्हणतो तो. खरं?” मी म्हटलं, म्हणतो तर तसंच. त्यांनी तोच घेतला.

घरी जोडणी मास्तरांनी केली. दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. पाट, चपला, लाटणं, सगळं. पिन खटकन बसली. वहिनी उत्साहाने कीबोर्डच्या तोंडासमोरच माईक धरून उभ्या राहिल्या आणि कीबोर्डमधून अशी शिट्टी उठली की मास्तर पाटावरून थेट दिवाणाखाली गेले. मध्ये जमिनीला पाय लागलेला मी पाहिला नाही. माईक मागे नेला, आवाजाची खुंटी कमी केली, शिट्टी थांबली. मग वहिनी नुसतं ‘सा’ म्हणाल्या.

कीबोर्डमधून त्यांचा आवाज आला. जरा डब्यातला, जरा नाकातला, पण त्यांचा. माझी बायको पोळी तव्यावर टाकून आमच्या दारातून धावत आली. मास्तर दिवाणाखालून बाहेर आले, डोक्याला जळमटं, आणि इतकी वर्षं त्याच घरात असलेल्या बायकोला म्हणाले, “आलीस होय.”

इथेच थांबलं असतं तर बरं होतं. पण दोन दिवसांनी वहिनी म्हणाल्या, माईकला ओठ लागला की मुंग्या येतात. मास्तरांचं अन्नपाणी तुटलं. दुकानदाराने सांगितलं, घरात अर्थिंग नाही, त्या डब्यातून एक तार काढा, मातीत गाडा, आणि मिट्टी हमेशा गीली रखना. आता मास्तरांनी विचार केला. ओली माती. रोज न चुकता पाणी पडणारी. कुणी चपला घालून फिरत नाही अशी. घरात अशी माती एकाच ठिकाणी होती. त्यांनी तार गॅलरीत नेली आणि तुळशीच्या कुंडीत खोचली. सगळ्या कॉलनीने येऊन पाहिलं आणि डोकं चांगलं चालवलं म्हणून वाखाणलं. देवाच्या देखरेखीखालचं अर्थिंग! पहिल्या मजल्यावरच्या कुंडीखाली जमीन नाही, सिमेंट आहे, डब्यातून गळणारी ती कुंडीतच बसून राहणार, हे आमच्यात दोन इंजिनियर होते त्यांनाही सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर आत कीबोर्डवर मंगलाष्टकांची चाल बसवत होते. वहिनी न्हाऊन, ओल्या पायांनी गॅलरीत आल्या. तांब्याने पाणी घातलं आणि रोजच्यासारखी बोटाने माती कपाळाला लावायला वाकल्या.

मी माझ्या दारात पेपर वाचत होतो. मला काही ऐकू आलं नाही. मास्तरांना काही ऐकू आलं नाही. कीबोर्ड छान वाजत होता. बऱ्याच वेळाने मास्तर चहाला उठले तेव्हा त्या गॅलरीच्या भिंतीला पाठ लावून बसलेल्या होत्या. तांब्या कलंडलेला. उजवा हात डाव्या हातात धरलेला, तोंड उघडं, आणि डोळे आतल्या खोलीकडे लागलेले.

झटका बसला होता, पण लागलं फारसं नव्हतं. डॉक्टरांनी हात पाहिला आणि काही गोष्ट नाही म्हणाले. पण मास्तर त्या दिवशी जमिनीवर बसले ते उठेनात. त्यांनी कीबोर्ड खोक्यात घातला, माईक खोक्यात घातला, खोक्याला सुतळी बांधली. भटजी म्हणतील मंगलाष्टकं, संपलं. मला त्या दिवशी थट्टा सुचली नाही. त्यांना कोणता मंडप आठवत होता ते मला माहीत होतं.

वहिनी सुतळी सोडत होत्या. मी पंखा बंद केला.

“मी हाक मारली तुम्हाला,” त्या म्हणाल्या. “पुष्कळदा मारली. तुम्ही आत होतात. तुम्हाला ऐकू नाही आली.”

वहिनींनी शेवटची गाठ सोडली आणि माईक बाहेर काढला.

“म्हणून तर पाहिजे मला तो.”

मग खाली अंगणात खरी जमीन शोधून वायरमनने लोखंडी सळई ठोकली, आणि मुंग्या गेल्या. मास्तरांची भीती गेली नाही. तिला आता वहिनींचा चेहरा मिळाला होता.

त्यात लग्नाला आठवडा असताना मास्तरांची थोरली बहीण, आक्का, इंदूरहून आली. आमच्यात मुलीच्या आईने मंगलाष्टकं चालू असताना मांडवात थांबायचं नसतं. तिने बाहेर तुळशीपाशी बसून पाणी घालत राहायचं. आक्काने बेत ऐकला आणि म्हणाली, “आई मांडवात उभी राहून गाणार? मग तुळशीला पाणी कोण घालणार, ऑर्केस्ट्रा?” वहिनींनी शांतपणे तिला जवळ बोलावलं आणि कानात सांगितलं की मी तुळशीपाशीच बसेन वन्सं, पाणी पण घालेन, वायर लांब घेऊ. आक्काला यावर बोलायला शास्त्रात काही सापडेना. दुकानदाराने वायरची लांबी ऐकली आणि विचारलं, “भाभीजी गाएँगी कहाँ से, घाट से?”

फार चुकला नाही. लग्न रामघाटाजवळच्या धर्मशाळेत होतं. तिथली फरशी कधी वाळत नाही. नदीवर न्हाऊन आलेली माणसं ओल्या धोतराने सारखी ये-जा करतात. मधोमध उघडा चौक, चौकात तुळस, चौकाच्या कडेला ओसरी, ओसरीच्या आत लग्नाचा हॉल. म्हणजे बघा, अनवाणी पाय, ओली फरशी, एका हातात पाण्याचा तांब्या, दुसऱ्या हातात माईक. मास्तर आयुष्यभर झोपेत दचकून उठत ते ज्या चित्राने, ते त्यांनी बायकोसाठी स्वतःच्या हाताने मांडलं.

सकाळपासून ते धर्मशाळेत होते. नळाजवळ सळई ठोकून घेतली, वायरमनकडून तपासून घेतली. मग त्यांनी वहिनी जिथे बसणार तिथे चपला काढल्या. मी त्यांचे तळवे त्याआधी पाहिलेच नव्हते, पोपडे सोलल्यासारखे पांढरे होते. ओल्या फरशीवर उकिडवे बसले, डोळे मिटले, आणि माईकच्या जाळीला ओठ लावले. इतका वेळ, की आतल्या लोकांना वाटलं मास्तर दोन शब्द बोलणार. काही झालं नाही. मग पुन्हा लावले. पुन्हा काही झालं नाही. उठले तेव्हा अंगातला सदरा पिळून निघाला असता.

कीबोर्ड ओसरीत, तोंड हॉलकडे. सा ची पट्टी काडेपेटीचा पुठ्ठा खोचून दाबून ठेवलेली, म्हणजे सूर अखंड. डबा घूं घूं करत. मास्तर भिंतीतल्या प्लगशी बसले. वधूपित्याने आत असायला पाहिजे, असं आक्का सांगून गेली, भटजी सांगून गेले. मास्तर प्लगची वायर मुठीत धरून बसले ते बसलेच. माझ्या हातात त्यांनी धर्मशाळेतलं धुण्याचं धोपाटणं दिलं आणि मला तुळशीजवळ उभं केलं.

“भैया, ती चिकटली, तर हात नाही लावायचा. हात लावणारा पण जातो. याने मनगटावर मारायचं. जोरात. वहिनी आहे, मुलीची आई आहे, काही बघायचं नाही.”

“आणि तुम्ही?”

“मी प्लग ओढणार.” त्यांनी मला ओढून दाखवला. बाहेर, आत, बाहेर, आत. सकाळपासून तेच करत होते.

अंतरपाट धरला गेला. वहिनी तुळशीपाशी बसल्या, तांब्यातून धार सोडली, माईक ओठाशी नेला. आणि गाऊ लागल्या. आतली सगळी डोकी एकदम ओसरीकडे वळली. ज्यांनी तो आवाज पूर्वी ऐकला होता त्यांनी, आणि ज्यांना वाटलं होतं तो पुन्हा ऐकणार नाही त्यांनीही. आक्काच्या मुठीतल्या अक्षता वेळेआधीच सांडल्या. मी धोपाटणं गच्च धरून वहिनींच्या मनगटाकडे बघत होतो. आयुष्यात मी पुष्कळ फेकाफेकी केली, पण हे जसं होतं तसं सांगतो, मी त्या मनगटावर मारू शकलो नसतो.

दोन कडवी झाली. तिसरं निरोपाचं.

“जाई लेक नव्या घरास हसुनी…”

आणि वहिनी थांबल्या. तोंड उघडं. माईक ओठाला टेकलेला. हात थरथरायला लागला. तांब्या फरशीवर पडला आणि पाणी त्यांच्या पायाखाली पसरलं.

धोपाटणं माझ्या हातात तसंच राहिलं. मी मास्तरांकडे पाहिलं. प्लग त्यांच्या मुठीत होता, एक हिसका पुरे होता, दिवसभर त्याचीच तालीम केली होती. मास्तरांनी प्लग सोडला. तो भिंतीत तसाच. ते ओसरीवरून उडी टाकून चौकात आले, ओल्या फरशीवर घसरले, गुडघ्यावर पडले, आणि तसेच पुढे जाऊन त्यांनी वहिनींना दोन्ही हातांनी घट्ट मिठी मारली. डोळे मिटून घेतले. दात आवळले. ती आता आपल्याही अंगात येईल म्हणून वाट बघत राहिले.

मग सबंध धर्मशाळेला ऐकू गेलं, हॉलमध्ये, जिन्यावर, नळाशी, “अहो, सोडा. काही नाही झालं. रडू आलंय मला.”

मग अंतरपाटामागून स्वाती रडत रडत हसली, आणि तेही सगळ्यांना ऐकू गेलं.

“नक्की?” मास्तर म्हणाले. डोळे मिटलेलेच. हेही माईकमधून गेलं.

“नक्की.”

मास्तरांनी मिठी सोडली नाही. वहिनींनी त्यांच्या खांद्यावरून माईक पुन्हा ओठाशी आणला, एकदा श्वास घेतला, आणि म्हणाल्या, “मागे न पाहे जरा.” आत भटजींनी ‘सावधान’ म्हटलं, अक्षता पडल्या. मास्तरांनी एक हात कसाबसा मोकळा केला आणि डोळे न उघडताच मला खूण केली, प्लग, प्लग. मी धोपाटणं खाली ठेवलं आणि प्लगकडे गेलो नाही. वहिनींनी पुढचं कडवं उचललं होतं.